पाचवं पाणी

१

भोरहून भाटघरकडे निघालं की गाव सरता सरता डाव्या हाताला एक बैठी इमारत लागायची. पूर्वी तिथं बर्फाचा कारखाना होता. तो बंद पडला आणि पुण्याहून आलेल्या आनंदराव सरांनी तिथं आपली प्रयोगशाळा मांडली. गावातले लोक तिला 'पडद्याचा कारखाना' म्हणत. नव्या माणसाला वाटायचं, इथं खिडक्यांचे पडदे शिवतात.

पडदेच होते ते, पण शेळीच्या करडाच्या आतड्यातले. आतडं आतून-बाहेरून खरवडलं की मधे एकच पापुद्रा उरतो, कांद्याच्या सालीसारखा. तो सात पाण्यांनी धुवायचा, वाळवायचा, पाकिटात घालून पुण्याला पाठवायचा. तिथं अजून चाचण्याच चालल्या होत्या; पुढं तो भाजलेल्या माणसाच्या जखमेवर लावायचा होता. माणसाची स्वतःची कातडी त्याच्यावर धरून धरून वाढते, वेल मांडवावर चढतो तशी. वेल भरला की मांडव आपोआप विरून जातो.

हे सगळं मासूमा न अडखळता सांगू शकायची. शिक्षण सातवीपर्यंत, पण पुण्याचे डॉक्टर आले की सर तिलाच पुढं करत. "आमच्या मासूमाबाई. यांच्या बोटांना जे कळतं ते माझ्या यंत्राला कळत नाही."

ती भोंगवलीच्या मुलाण्याची लेक. लहानपणी आईबरोबर विहिरीवर वजडी, म्हणजे बकऱ्याची आतडी-कोथळा, धुवायला बसायची. शाळेतल्या पोरी नाक धरून 'वजडीवाली' म्हणून चिडवायच्या. त्याच वजडीनं तिला पांढरा कोट दिला होता. माहेरी गेली की ती तो कोट घडी घालून पिशवीत न्यायची. तिथं घालायची नाही, पण न्यायची.

सात पाण्यांचा हिशेब कडक होता. पहिली तीन घाणीची, चौथं चरबीचं. शेवटची तीन औषधाची, आणि सर त्यांना जिवाची पाणी म्हणायचे. "आतड्याच्या कणाकणात त्या जनावराची ओळख असते. ती पूर्ण पुसली, तरच माणसाचं अंग त्याला आपलं म्हणतं."

"म्हंजे लग्नात माहेरचं नाव पुसत्यात तसं," मासूमा म्हणाली होती.

सर इतके हसले की चष्मा काढून पुसायला लागला. पुढं मुंबईच्या एका सभेत त्यांनी ते वाक्य तिच्या नावानिशी सांगितलं.

धुताना मोजणी चुकू नये म्हणून तिनं एक युक्ती काढली होती. दर ट्रेवर एक दोरी, दोरीवर कपडे वाळत घालायचे सात चिमटे. एक पाणी झालं की एक चिमटा डावीकडून उजवीकडं सरकवायचा. सरांनी ही रीत छापील नियमांत घातली. भिंतीवर तक्ता लागला: 'मासूमा दोरी'. रत्ना, तिची जोडीदारीण, म्हणायची, "मेल्यावर बी नाव ऱ्हाईल गं तुजं. आमचं रेशन कार्डावर सुद्दा धड न्हाई."

तीन वर्षांत मासूमाचा एकही लॉट खड्ड्यात गेला नव्हता. नियम असा की धुणं मधेच तुटलं तर अख्खा लॉट मागच्या खड्ड्यात पुरायचा. रत्नाचे चार गेले होते. मासूमाचा एकही नाही.

२

ते २००३ सालचं मे महिन्यातलं ऊन. सकाळीच तिचा भाऊ एहसान याच्या मटणाच्या दुकानातून एका करडाचं आतडं आलं होतं. कोवळं, एकही डाग नसलेलं. चार पडदे निघाले. त्यांचा झाला लॉट एक्केचाळीस.

पाचवं पाणी संपत आलं होतं तेव्हा शेजारच्या अंबूबाई धापा टाकत दारात आल्या.

"मासूमा, पळ गं. पोरीच्या पाठीवर उकळतं पानी सांडलं. इरफान दवाखान्यात घिऊन गेलाय."

मासूमाची लेक अम्रीन साडेतीन वर्षांची होती.

मासूमानं हातमोजे उतरवले. दारापर्यंत गेली. आणि परत फिरली. नंतर ती शंभरदा त्या परत फिरण्याशी भांडली. पोर भाजलेली आहे हे कळूनही तिचे पाय ट्रेकडं वळले होते. पाच चिमटे उजवीकडं, दोन डावीकडं. असंच ठेवलं तर लॉट खड्ड्यात. कोवळं, बिनडागी आतडं. तिचा पहिला खड्डा.

तिनं राहिलेले दोन चिमटे उजवीकडं सरकवले. संध्याकाळी येऊन दोन पाणी देऊ. कुणाला काय कळतंय.

संध्याकाळी ती पुण्याला होती, मोठ्या दवाखान्याच्या जिन्यावर. रत्नानं ट्रे पाहिला, सातही चिमटे उजवीकडं पाहिले, आणि मासूमाच्या दोरीवर शंका घेण्याचं काही कारणच नव्हतं. तिनं पडदे वाळत घातले.

३

अम्रीनची पाठ मानेपासून खांद्याच्या हाडापर्यंत सोलली होती. डॉक्टर म्हणाले, मांडीची कातडी काढून लावावी लागेल, आणि तरी पोर वाढेल तशी ती आवळत जाईल. मान एका बाजूला ओढली जाईल.

"लगीन करायचंय हो पोरीचं पुढं," मासूमाचा नवरा इरफान म्हणाला. तो टेम्पो चालवायचा. आठवडाभर टेम्पो दवाखान्याच्या भिंतीला लावून तो त्यातच झोपत होता.

आठव्या दिवशी आनंदराव सर आले. हातात थंड पेटी. परवानगीचे सगळे कागद झाले होते. पहिल्यांदाच माणसावर आपला पडदा लागणार होता. एका लॉटचे चार पडदे, चार मुलं, त्यातली एक आपली अम्रीन.

"बघा इरफान, आईच्या हातचं औषध," सर म्हणाले आणि पाकीट वर काढलं.

पाकिटावर एक्केचाळीस लिहिलं होतं.

दवाखान्यात गेल्यावर लॉट तिच्या डोक्यातून साफ उतरला होता. आता आठवला. पाच पाणी. जिवाचं एकच.

सर्जननं विचारलं, "धुलाई कुणी केली?"

"यांनीच," सर म्हणाले. "तीन वर्षांत एक लॉट वाया नाही गेलेला यांचा."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. नर्स, शिकाऊ डॉक्टर, इरफान. इरफाननं तिच्याकडं असं कधी बघितलं नव्हतं, निकाहाच्या दिवशीसुद्धा नाही. बोलायचं ते आताच बोलायला हवं होतं. दोन शब्द. मासूमानं ओढणी सारखी केली आणि मान वर धरली.

मनात म्हणाली, मशीन सगळं मारतंच की. पुण्यात त्यांच्याकडं जंतू मारायचं मशीन आहे. दोन पाण्यांनी काय होतंय.

४

झालं काहीच नाही. झालं ते नवल झालं.

पावसाळा सुरू होईस्तो पाठ भरून आली. डाग नाही, गाठ नाही, चकाकी नाही. मान सरळ. फक्त तेवढ्या भागाचा रंग जरा फिका होता, तोही शोधला तर. भोरमधल्या बायका काही ना काही निमित्त काढून येत आणि म्हणत, "दाव की गं पाठ." मासूमा पोरीचा झगा वर करायची. बायका तोंडावर हात ठेवायच्या. भोंगवलीहून तिचे अब्बा आले, पोरीच्या पाठीवर त्यांनी सुरीनं घट्टे पडलेली बोटं फिरवली आणि इतकंच म्हणाले, "आमी आयुष्यभर कापलं. तू जोडलंस."

त्या दिवशी मासूमानं शुकरान्याची दोन रकात नमाज जास्त पढली.

श्रावणात माश्या झाल्या. एका दुपारी अम्रीन जोत्यावर पालथी पडून पाटीवर रेघोट्या मारत होती, अंगात नुसती चड्डी. मासूमा तांदूळ निवडत समोर बसली होती. एक माशी येऊन पोरीच्या पाठीवर बसली.

पाठ थरथरली.

पोर नाही हलली. खांदा नाही उडवला, हात मागं नेला नाही, पेन्सिल थांबलीसुद्धा नाही. फक्त कातडी, तेवढीच, मानेपासून खांद्याच्या हाडापर्यंतची, एकदा झर्रकन सरकली आणि जागेवर आली. माशी उडाली. पुन्हा बसली. पुन्हा थरथरली.

मासूमानं हे आयुष्यभर बघितलं होतं. गोठ्यात, बाजारात, अब्बांच्या खुंट्याला. जनावरं अशीच माशी उडवतात.

तांदूळ सुपात तसेच राहिले. मग तिनं स्वतःलाच टपली मारली. गुदगुल्या झाल्या असतील. नवी कातडी नाजूक असते, सर म्हणालेच होते. घरात दोन दिवस माशी राहू दिली नाही तिनं. फिनेल टाकून टाकून इरफानचं डोकं दुखायला लागलं.

५

सरांना तिनं आडून विचारलं. "सर, नवी कातडी आपली आपण हलती का हो?"

"कातडी कशी हलेल? हलवायला खाली तसा स्नायू लागतो. जनावरांना असतो पाठीत. माणसाला नाही." मग त्यांनी मान वर केली. "का? अम्रीनला काही...?"

बाकीच्या तीन मुलांच्या दंडाचे, कुशीचे, खांद्याचे फोटो टेबलावर मांडलेले होते. एक सासवडचा मुलगा, एक खेडची मुलगी, एक वाईचा. तिन्ही जखमा अशा भरलेल्या की आधीचे फोटो खोटे वाटावेत. सर एकदम तरुण दिसायला लागले होते.

"न्हाई, असंच," मासूमा म्हणाली. "सगळं बेस हाय."

तिच्या मनानं मग दोन तट केले. एक तट म्हणे, वेडी आहेस, लोकांची नजर लागू नये म्हणून तूच नजर लावतेस. दुसरा काही म्हणत नसे. तो फक्त बघे.

दुसऱ्या तटाला ऐकूसुद्धा यायला लागलं. दिवाळीनंतर रस्त्यानं शेळ्यांचे कळप खाली उतरायचे. लांबून घंटी वाजली की अम्रीनचं खेळणं थांबायचं. मान वळायची नाही. ती नुसती थांबायची, तोंडातला घास तोंडात ठेवून, घंटी वळणापलीकडं जाईपर्यंत. मग पुन्हा चावायला लागायची.

"काय ऐकती गं?"

"काय न्हाई, अम्मी."

आणि एक गोष्ट होती. ती मासूमानं इरफानलाही सांगितली नाही. आंघोळीच्या वेळी ती पोरीच्या पाठीवरून हात फिरवायची. बाकी पाठ आईच्या हाताखाली सैल पडायची, लहान पोराची पडते तशी. पण तो भाग तिच्या तळव्याखाली घट्ट व्हायचा. थरथरायचा नाही, उलट अगदी गप्प व्हायचा. बाजारात नवख्या माणसानं हात लावला की जनावर दम धरून उभं राहतं, तसा.

सात पाण्यांची दोरी कारखान्यात रोज सरकत होती. आता मासूमा आठवं पाणीही द्यायची. रत्ना विचारायची, "हे कशापायी?" मासूमा म्हणायची, "हाताला लागतंय म्हणून." सरांना ते कळलं तेव्हा त्यांनी तेसुद्धा कौतुकानं चारचौघांत सांगितलं.

६

पुढच्या उन्हाळ्यात भाटघरचं पाणी आटलं, धरणाच्या पोटातली जमीन उघडी पडली, तिच्यावर हिरवं फुटलं. वेल्ह्याच्या डोंगरातले लोक दरसालप्रमाणं शेळ्या घेऊन खाली आले.

एका दुपारी मासूमा शिफ्ट करून घरी आली तर दारात शेळी.

काळी, कानावर पांढरा ठिपका. उंबऱ्याच्या आत एक पाय, बाहेर तीन. ती काही खात नव्हती. दारात पालकाची जुडी पडली होती, तिच्याकडं तिनं बघितलंही नव्हतं. नुसती उभी होती आणि तिच्या सडांतून दूध ठिबकत होतं. उंबऱ्याच्या फरशीवर पांढरं थारोळं झालं होतं. म्हणजे बराच वेळ उभी होती.

आत, अंधाऱ्या खोलीत, अम्रीन निजलेली होती. पालथी.

"हाड! हाल!" मासूमानं पिशवी उगारली. शेळी हलली नाही. तिनं मासूमाकडं बघितलंसुद्धा नाही.

"अगं बया, हितं हाय व्हय!" मागून आवाज आला. हातात काठी, नऊवारीचा काष्टा गुडघ्यापर्यंत, एक म्हातारी बाई बोळातून येत होती. "सकाळधरनं हुडकतीया. म्या भागूबाई, पोरी, वेल्ह्याकडची. धरणात उतरलोय आमी. माफ कर गं, ही लई वंगाळ झालीया."

मासूमानं तिला पाणी दिलं. घरी आलेल्याला पाणी द्यायचंच.

"तान्ही हाय का?"

"तेच तर." भागूबाईनं तांब्या वरच्यावर धरून घटाघटा पाणी प्यायलं. "गेल्या सालीच्या उन्हाळ्यात हिचं करडू दिलं हितल्या दुकानात. ते पोस्टापुढचं न्हाई का, एहसानभाईचं."

"माजा भाऊ हाय तो."

"हा का? ग्वाड बोलतोय बग. तर करडू गेलं की शेळी चार दिस वरडती आन् इसरती. ही न्हाई इसरली. वरीस झालं. ना गाभण ऱ्हायली, ना आटली. दूध काडू दील तर शपत. खाली उतरल्यापून कळपात पाय ठरंना हिचा. नाक वर करून गावाकडं."

मासूमानं रिकामा तांब्या घेतला. "मग दुसरं एकादं पिल्लू द्यायचं तिला."

"बिनवासाचं घेत न्हाई गं. त्याला आमची रीत अस्ती." भागूबाई ऐसपैस बसली, सांगायला माणूस मिळाला की डोंगरातल्या बाईला घाई नसते. "पिल्लू मेलं तर त्याचं कातडं काडायचं आन् दुसऱ्या पोरक्या पिल्लाच्या पाटीवर बांदायचं. शेळी हुंगती. म्हनती, माजंच हाय. पाजती."

"आन् कातडं मग काडत्यात?"

"आट दिसांनी काडलं तर काडलं. तवर वास मुरतो. मग कातडं असू न्हाई तर नसू."

आत अम्रीनच्या पांघरुणाची सळसळ झाली. शेळीचे कान त्या बाजूला वळले.

मासूमानं विचारायचं नाही असं ठरवलं होतं. तरी तोंडातून गेलंच. "आन् त्या पिल्लाची खरी आई आसली तर?"

"ती येती की. उभी ऱ्हाती, हाका मारती." भागूबाई उठली, शेळीच्या गळ्यात पदराची गाठ मारून ओढायला लागली. "पन पिल्लू वळखत न्हाई तिला. त्याला आता हीच आई वाटती. जनावरंच ती. चल गं भवाने!"

शेळी चार पायांवर ओढली गेली, मान मात्र शेवटपर्यंत दाराकडं.

७

पंधरा दिवसांनी कार्यक्रम होता. पडदा लावून वर्ष झालं होतं, चारही मुलं ठणठणीत होती, आणि पुण्यामुंबईचे बडे डॉक्टर हे बघायला भोरला येणार होते. बर्फाच्या कारखान्याच्या पटांगणात मांडव घातला. लाउडस्पीकर आला. मासूमाचा सत्कार ठेवला होता, शाल आणि श्रीफळ. इरफाननं टेम्पो धुऊन त्याला झेंडूची माळ घातली. भोंगवलीहून अब्बा, भाऊ, चुलत्या, आणि तिला 'वजडीवाली' म्हणणारी एक वर्गमैत्रीणही आली.

"आज वाघीण दिसती गं," रत्ना म्हणाली. "जरा दात दाव की. फोटो काडत्यात."

मासूमाला खरंच वाटत होतं, आजचा दिवस आपला. पांढरा कोट कडक इस्त्रीचा. अब्बा पहिल्या रांगेत. काय होईल ते उद्या बघू. एवढा एकच दिवस जाऊ दे, या अल्ला.

चार मुलं स्टेजवर एका बाकावर बसवली होती, लोकांकडं तोंड करून, कारण आधी त्यांना फुलं द्यायची होती. मुलांच्या मागं त्यांच्या आया उभ्या. तीन बायका मासूमाच्या ओळखीच्या नव्हत्या. सासवडची, खेडची, वाईची. भरलेली कातडी दाखवायची म्हणून मुलांचे सदरे आधीच काढलेले.

सर बोलत होते. "...तर त्या पडद्यात आता त्या प्राण्याचं काहीही उरलेलं नाही. उरते ती फक्त चौकट. घर रिकामं करून द्यायचं, राहणारा आपला..."

धरणाच्या बाजूनं शेळी ओरडली. एकदाच. लांब, ओढून.

मांडवातल्या कुणी मानही वळवली नाही. भोरमध्ये शेळी ओरडली तर कोण बघणार?

मागं उभ्या असलेल्या चौघींनी बघितलं. सासवडच्या पोराचा दंड. खेडच्या पोरीची कूस. वाईच्या पोराचा खांदा. अम्रीनची पाठ. चारही एकाच वेळी, एकाच बाजूला, झर्रकन.

मासूमाच्या शेजारच्या बाईनं पटकन पुढं वाकून आपल्या पोराच्या खांद्यावर टॉवेल टाकला. टाकताना तिची नजर मासूमाच्या नजरेला लागली. तिला धक्का बसलेला नव्हता. चोरी पकडली गेल्यावर माणूस बघतो, तशी ती बघत होती. आणि पलीकडच्या दोघींनी खाली मान घातली होती.

म्हणजे त्यांनाही माहीत होतं. वर्षभर. त्यांनीही कौतुकाच्या बायकांसमोर सदरे वर केले होते आणि माश्या मारल्या होत्या.

"मासूमाबाई!" लाउडस्पीकर कडाडला. टाळ्या. कुणीतरी तिला पुढं ढकललं. खांद्यावर शाल आली, हातात नारळ. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी माइक तिच्या तोंडापुढं धरला आणि हसून विचारलं, "सांगा बरं, या मुलांचे पडदे किती पाण्यांनी धुतले होते?"

अब्बांनी पुढं झुकून कानामागं हात धरला. इरफान टेम्पोच्या टपावर उभा होता. मासूमाला दोरी दिसली, पाच चिमटे इकडं, दोन तिकडं. आता बोललं तर निदान कुणीतरी बघेल, शिकलेली माणसं आहेत, काही उपाय काढतील. ती अब्बांकडं बघत राहिली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"सात," ती म्हणाली. आवाज खणखणीत निघाला. "सातच्या सात."

टाळ्यांनी मांडव दणाणला.

ती वळली तेव्हा बाक रिकामा होता. मागच्या तिघी इमारतीच्या कोपऱ्याकडं बघत उभ्या होत्या.

८

"पोरं मागं खेळायला गेली असतील," रत्ना म्हणाली. "आता वडा येतोय, खाऊन घे."

मासूमा इमारतीला वळसा घालून मागं गेली. चालतच गेली. पळालं तर लोक बघतील. मागं पाण्याच्या टाक्या, त्यापलीकडं खड्डा, खड्ड्यावर करंजाची सावली. पुढच्या टाळ्या इथं कौलावर पाऊस पडावा तशा ऐकू येत होत्या. त्यांच्याखाली एक दुसरा आवाज होता. ओला, खरखरीत, संथ. जीभ फिरल्यासारखा.

टाकीच्या कडेवरून तिला एवढंच दिसलं: काळं अंग, कानावर पांढरा ठिपका, गळ्यात तुटलेल्या दाव्याचा तुकडा. तिच्या पोटाशी चार उघड्या पाठी, दाटीवाटीनं. आणि सगळ्यात जवळची पाठ अम्रीनची. तिच्यावरून जीभ फिरत होती, मानेपासून खांद्याच्या हाडापर्यंत, आणि तो भाग, वर्षभर आईच्या हाताखाली दम धरून राहिलेला, त्या जिभेखाली सैल पडला होता.

पोरांची तोंडं दिसत नव्हती. बरंच झालं.

"अम्रीन," तिनं हाक मारली. मग मोठ्यानं, "अम्रीन!"

शेळीनं मान वर केली आणि शांतपणे तिच्याकडं बघितलं. पोरांपैकी कुणीच मान वर केली नाही.

मागं पावलं वाजली. त्या तिघी आल्या होत्या. मासूमाच्या दोन्ही अंगांना त्या उभ्या राहिल्या, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ. पुढं लाउडस्पीकरवर सर पुन्हा मासूमाचं नाव घेत होते, पहिल्यापासून सगळं सांगत होते.

तिघींच्याही ओठांवर एकेक नाव आलेलं दिसत होतं. मासूमा वाट बघत होती.

एकीनंही हाक मारली नाही.